शेळ्यांनी खाल्लेला गोठा

पूर्ण एक वर्ष मी प्रभुभोजनाला उठलो नाही. रविवारी चर्चमध्ये जायचो, शेवटच्या बाकावर बसायचो, गाणीसुद्धा म्हणायचो. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला पुढे यायचा, माणसं रांगेनं उठायला लागायची, आणि नेमकं तेव्हाच माझं गाण्याचं पुस्तक बाकाखाली पडायचं. ते शोधायला मी खाली वाकायचो आणि रांग संपेपर्यंत वाकलेलाच राहायचो. एका माणसाचं पुस्तक दर महिन्याला त्याच वेळी कसं पडतं, हे भोरच्या आमच्या छोट्याशा मंडळीत कुणाला कळत नव्हतं असं नाही. पाळकसाहेबांनी एकदा हळूच विचारलं, तर मी म्हणालो, गुडघे दुखतात. माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

झालं होतं ते आधीच्या नाताळात. मी सुतार. चाळीस वर्षं दारं, खिडक्या, पलंग, देव्हारे, जे सांगाल ते केलं. माझ्या कामाबद्दल लोक एकच गोष्ट सांगतात, की मिस्त्रींनी बसवलेलं हलत नाही. हे वाक्य मला साखरेसारखं गोड लागायचं. बायको चिडवायची, "देवालासुद्धा चार स्क्रू मारून बसवाल तुम्ही." त्या वर्षी संडेस्कूलच्या मुलांच्या नाटकासाठी चर्चच्या अंगणात मी बेथलेहेमचा गोठा उभा केला, तोही असाच. आठ फूट उंच प्लायवूडची भिंत, मागून लाकडी चौकट, वर खऱ्या कौलांची एक ओळ. नाटकातल्या गोठ्याला खरी कौलं कशाला, असं बायको म्हणाली होती. मी ऐकलं नाही. मुलांची तालीमही मीच घेत होतो आणि त्यांच्या चुळबुळीचा मला भारी राग. मी दम भरला होता, "पडदा उघडला की कुणी जागचं हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही."

नाटक रंगात आलं असताना वाऱ्याचा एक झोत आला आणि कौलांच्या वजनानं भिंत पुढे झुकली. बाकीची पोरं पळाली. सुवार्ता म्हणून आठ वर्षांची मुलगी भिंतीच्या पुढ्यात चांदणी होऊन उभी होती. तिनं भिंत येताना पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. आणि ती हलली नाही, कारण हलायचं नाही असं मी सांगितलं होतं. तिचा डावा हात कोपरात मोडला. प्लास्टर निघालं, मालिश झाली, पण तो हात अजूनही पुरता सरळ होत नाही. तिची आई, सुनंदा, मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून भाकरीकडे हात पुढे करायची मला लाज वाटू लागली. ज्या हातानं ती भिंत केली, त्याच हातात ती भाकर कशी घ्यायची?

यंदा दिवाळीनंतर पाळकसाहेब दुकानात आले. या वेळी मुलांचं नाटक तीन ठिकाणी न्यायचं ठरलं होतं. आधी भोर, मग मार्गासनी आणि शेवटी वेल्ह्याच्या पलीकडे पासली, जिथे आमच्या मंडळीतलं एकच घर आहे, एका निवृत्त गुरुजींचं. मुलं आणि सामान एकाच जीपमधून जाणार, म्हणजे गोठा टपावर मावला पाहिजे आणि पोरांना स्वतः उचलता आला पाहिजे. खर्च तर करायचाच नव्हता. मी सरळ नाही म्हणालो. साहेबांनी वाद घातला नाही. जाताना किराणा दुकानातून गोळा केलेले रिकामे खोके मात्र माझ्या ओट्यावर ठेवून गेले. संध्याकाळी बायको म्हणाली, "लाकडाचं नका करू. पुठ्ठ्याचं करा. पुठ्ठा पडला तर कुणाचं काय मोडतंय?"

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा एकही खिळा न मारता काम केलं. खोके उलगडून त्यांचे तीन-तीन थर खळीनं चिकटवले, मधला थर आडवा, म्हणजे पुठ्ठा वाकत नाही. फळ्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांचे सांधे लावले, त्यामुळे सगळी भिंत घडी घालून काखेत घेता यायची. छप्पर, गव्हाण, दोन दारं, सगळं तसंच, वरून गेरूचा हात. खळ बायकोनं घरच्या गव्हाच्या पिठाची शिजवली. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विष, आणि चिकटवायला पोरांचेच हात होते. म्हणून मी ते घातलं नाही. दुकानभर पोळ्यांचा वास सुटला होता. बायको म्हणाली, "चपातीचंच पीठ आहे हो. भूक लागली तर छप्पर खा."

गोठा तयार झाला त्या दिवशी सुनंदा दुकानात आली. वर्षभरात पहिल्यांदा. तिनं भिंत एका हातानं उचलून पाहिली, उभी केली, तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि मागे हात नेऊन ती स्वतःच्या डोक्यावर पाडून घेतली. पुठ्ठा तिच्या केसांवरून घसरून खाली गेला. ती म्हणाली, "सुवार्ता मागच्या रांगेत गाईल. ह्याच्या जवळ नाही." मी मान डोलावली. माझी त्या वर्षातली प्रार्थना एकच होती, की माझ्या हातच्या वस्तूखाली पुन्हा कुठलंही लेकरू सापडू नये. आता वाटतं, ती प्रार्थना नव्हतीच. कामाचा दर्जा नीट राहावा म्हणून मी देवाला मुकादम नेमलं होतं.

भोरचा आणि मार्गासनीचा कार्यक्रम चार भिंतींच्या आत झाला, दोन्ही छान झाले. पासलीला जायचा दिवस शनिवार होता. मार्गासनीपासून राजगड डावीकडे दिसत राहिला, वेल्हे मागे पडलं, तोरण्याच्या पलीकडे रस्ता वळणं घ्यायला लागला आणि मरीया होणाऱ्या मुलीला गाडी लागली. गुरुजींच्या दारात उतरलो तेव्हा तिच्या अंगात तापही होता. तिला आत निजवलं. मरीयेशिवाय नाटक कसं व्हायचं? तेव्हा जीपच्या मागच्या सीटवर अजून बसून असलेली सुवार्ता म्हणाली, "मला सगळं पाठ हाय." होतंच. सगळ्या तालमी तिनं लांबून पाहिल्या होत्या. पण मरीया म्हणजे गोठ्याच्या आत, छपराखाली बसणं आलं. सगळे सुनंदाकडे बघत होते, मी सोडून. तिनं टपावरच्या घडी घातलेल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुठ्ठाच आहे ना? बसू दे."

कार्यक्रम चार वाजता, गुरुजींच्या भातखाचरात. भात काढून झालं होतं, जमीन टणक आणि मोकळी. गुरुजींनी सगळ्या आळीला बोलावणं केलं होतं. पलीकडच्या खाचरात मेंढपाळांचा तळ पडला होता. दरवर्षी या दिवसांत ते खाली कोकणाकडे निघतात आणि शेतकरी खतासाठी रात्री त्यांची मेंढरं शेतात बसवून घेतात. मेंढरं डोंगराला चरायला गेली होती. तळावर दोन-तीन घोडी, काही शेळ्या, कोकरं आणि एक म्हातारी बाई एवढंच दिसत होतं. मी गोठा उभा करायला घेतला आणि वारा सुटला. पुठ्ठ्याची भिंत फडफडायला लागली. तिचं वजन कुणाला लागणार नव्हतं, हे मला कळत होतं. पण भिंत हलली की मी दोन्ही हातांनी ती धरून ठेवत होतो. मला ती आठ फुटी भिंत दिसत होती, आणि माझ्याकडे बघणारी ती पोर.

इथे मी चुकलो. सगळे पुठ्ठे जमिनीवर आडवे पसरले, उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि कुणाला न सांगता गुरुजींच्या गोठ्यामागे गेलो. तिथे जुने वासे पडलेले मी येतानाच हेरले होते. लाकूड वापरणार नाही असं मी सुनंदाला तोंडानं कधी सांगितलं नव्हतं, पण तिनं भिंत डोक्यावर पाडून घेतली तेव्हा ते ठरलंच होतं. तरीही मी वासे निवडत बसलो. हा किडका, तो वाकडा, असं करत अर्धा तास गेला. दोन चांगले ऐनाचे वासे खांद्यावर टाकून बांधावर आलो आणि जागीच उभा राहिलो.

सात शेळ्या होत्या. छप्पर संपलं होतं. गव्हाण संपली होती. एक शेळी दारावर पुढचे पाय रोवून थर उचकटत होती, आत खळ होती ना! आमच्या घरच्या गव्हाची. भिंतीची निम्मी फळी लुगड्याच्या पट्टीला लोंबत होती आणि बाकीच्या शेळ्या गेरूनं तांबडी झालेली तोंडं वर करून माझ्याकडे बघत होत्या. मी ओरडलो. तळावरची ती बाई काठी घेऊन धावत आली. साठी कधीच ओलांडलेली, कासोटा घातलेली, दम लागलेला. मला वाटलं, आता ती माफी मागेल. तिनं पहिला प्रश्न केला, "ह्याला काई औषिद लावलंय का? खरं सांगा, मिस्तरी. मरतील का?"

मोरचूद. ते घातलं असतं तर? नेहमीच्या सवयीनं चिमूटभर जरी घातलं असतं तरी? मी म्हणालो, "नाही. नुसतं पीठ आहे. आणि गेरू." ती मटकन खाली बसली आणि एकेका शेळीच्या पोटावरून हात फिरवायला लागली. तिचा जीव भांड्यात पडला, पण माझा राग काही खाली बसला नाही. आज सांगायला लाज वाटते, मी तिला नको नको ते बोललो. जनावरं सांभाळता येत नाहीत का, दुसऱ्याच्या शेतात सोडताच कशी, असं बरंच. तिनं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "आमच्या शेळ्यांनी तुमचं घर खाल्लं, त्ये खरं. पर तुमी बी पान वाढल्यावानी भुईवर मांडून ठिवलंत की. शेळीनं काय समजायचं?" आणि शेळ्या हाकत तळाकडे निघून गेली.

आरडाओरडा ऐकून सगळे आले. पोरं उरलेले तुकडे उचलून बघायला लागली. पाळकसाहेब म्हणाले, "असू द्या, नुसत्या शेतात करू. प्रभू काय छपराशिवाय येत नाही का?" तेवढ्यानं सगळं निभावलं असतं. पण सुनंदाचं लक्ष पुठ्ठ्याकडे नव्हतंच. ती माझ्या खांद्याकडे बघत होती. वासे खाली टाकायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"लाकूड?" ती म्हणाली.

"नुसतं आधाराला."

"मागल्या साली बी आधारालाच व्हतं, काका." ती नीट बोलणारी बाई, पण राग आला की तिच्या तोंडी माहेरची बोली येते. तिनं सुवार्ताचा चांगला हात धरला. "आता काई बांधा, नाईतर नका बांधू. माझी पोर तितं बसणार न्हाई. जीपमदी जाऊन बस गं." सुवार्ता रडली नाही. तिनं फक्त एकदा वळून माझ्याकडे पाहिलं, तसंच, मागच्या वर्षीसारखं, काय करायचं ते मी सांगेन म्हणून. आणि याही वेळी माझ्या तोंडातून शब्द आला नाही.

मी बांधाच्या आडोशाला जाऊन बसलो. दीड वाजून गेला असेल. वर्षभर मी देवापुढे बोलत होतो, पण प्रत्येक वेळी काहीतरी योजना घेऊन जात होतो. असं करतो, तसं करतो, तू फक्त पडू देऊ नकोस. त्या दिवशी योजना शेळ्यांनी खाल्ली होती. हातात पुठ्ठ्याचा चघळलेला तुकडा होता. मी म्हणालो, "प्रभू, मला भीती वाटते. त्या पोरीचा हात मी मोडला. मला तो दुरुस्त करता येत नाही, आणि भीतीपायी आज मी पुन्हा तिच्या आईचा विश्वास मोडला. माझ्याच्यानं होत नाही. मी सोडलं." एवढंच. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. पायावर मुंग्या चढल्या, त्या झाडल्या. मग खूप रडलो. बायको गुरुजींच्या घरी स्वयंपाकात होती, म्हणून बरं, नाहीतर ती घाबरली असती.

कितीतरी वेळानं घोड्याच्या टापा ऐकू आल्या. मघाची तीच बाई, पाठीवर ओझं लादलेलं घोडं हातात धरून उभी होती. म्हणाली, "उठा मिस्तरी. आमच्या जनावरांनी खाल्लं, तवा आमी हुबं करून देतो. कशाचं घर व्हतं त्ये?"

मी साधं सांगितलं. आमचा देव गोठ्यात जन्माला आला, त्याचं पोरांचं नाटक आहे. जागा कुणी दिली नाही म्हणून गोठ्यात. आणि त्याला बघायला पहिल्यांदा कोण आलं, तर रानात मेंढरं राखणारी माणसं.

"मेंढकं?"

"हो, मेंढपाळच."

ती घोड्यावरच्या ओझ्यावर थाप मारून म्हणाली, "मग त्येंच्यासंगं वाघूर असलंच की. मेंढरं उघड्यावर टाकून कशी येतील?"

वाघूर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची सुताची जाळी. लांबच लांब, गुंडाळली तर एका घोड्यावर मावणारी. मी आयुष्यभर ती रस्त्याकडेला उभी पाहिली होती आणि हे बांधकाम आहे असं कधी मनातही आलं नव्हतं. बाईनं पहारीनं भुईला भोकं पाडली, काठ्या रोवल्या आणि त्यांच्याभोवती जाळी फिरवत गेली. वर दोन घोंगड्या टाकल्या. नव्या कोकरांना झाकायचं बांबूचं डालगं आणलं, ती झाली गव्हाण. सवयीनं माझा हात खिशात खिळ्यांकडे गेला. तिनं पाहिलं. "खिळा कशाला? सांजच्याला उपटायचंय की. आमचं समदं बिऱ्हाड तीन घोड्यांवर जातं, त्यात एक बी खिळा न्हाई." तिची गाठ अशी होती, की कितीही ताण आला तरी धरून राहते आणि मोकळं टोक ओढलं की सुटते. मी दोनदा चुकलो. तिनं माझी बोटं बाजूला केली. "लई आवळू नका. तुमच्या हाताला आवळायची खोड हाय." चाळीस वर्षांत माझ्या कामाला कुणी असं बोललं नव्हतं, आणि ते खरं होतं.

पोरं कधी येऊन काठ्या धरायला लागली कळलं नाही. सुनंदाही आली. ती लांब उभी होती. मग जवळ येऊन तिनं एक काठी हलवली, जाळी दोन्ही हातांनी ओढली. सगळं डुललं. ती माझ्याशी न बोलता त्या बाईला म्हणाली, "हे हलतंय की, आजी."

"हलायलाच हाय, बाये. हलतं म्हून पडत न्हाई. वारं आडवलं की पाडतं. जाऊ दिलं की जातं."

सुनंदा वाकून आत गेली. मरीयेच्या जागी बसली आणि पाठ जाळीला टेकून अंग सोडून दिलं. जाळी मागे गेली, तिला झेलून तिथेच राहिली. आम्ही सगळे बघत होतो. ती बरीच मिनिटं तशी बसली. त्या वेळी मी कसलीच प्रार्थना केली नाही, करायला काही उरलंच नव्हतं. बाहेर येऊन तिनं लुगडं झटकलं आणि जीपकडे हाक मारली, "सुवार्ता, ये गं."

चार वाजता आळीतली माणसं पोती अंथरून बसली. म्हातारी बाई सगळ्यात मागे, कोकरू मांडीवर घेऊन. सुरू करण्याआधी मी पोरांना गोळा केलं आणि म्हणालो, "काही हललं, भीती वाटली, तर पळायचं. मला विचारायचं नाही. नाटक गेलं खड्ड्यात." पाळकसाहेब खोकले. नाटक सुरू झालं. दारं नव्हती, तर योसेफ झालेल्या पोरानं हवेतच कडी वाजवली आणि लोकांनी ती मान्य केली. सुवार्ता जाळीच्या आत बसली. तिच्या पुढ्यात डालगं होतं.

आणि अर्ध्यावर तो झोत आला. डोंगरावरून सरळ खाली, पाचोळा घेऊन. घोंगड्या उचलल्या गेल्या, सगळ्या काठ्या एका बाजूला कलल्या, जाळी आतल्या बाजूला फुगून सुवार्ताच्या पाठीला लागली. तिनं वर पाहिलं, मग थेट माझ्याकडे. या वेळी मात्र माझा आवाज फुटला. सगळ्या खाचराला ऐकू जाईल असा मी ओरडलो, "पळ, पोरी, पळ!"

ती पळाली नाही. तिनं मान हलवून मला नाही म्हटलं. मग तो न सरळ होणारा डावा हात मागे नेला, जाळीत बोटं अडकवली आणि वाऱ्याबरोबर डुलत पुढचं वाक्य म्हणाली. झोत जाळीतून निघून गेला. काठ्या आपापल्या जागी आल्या. गावकऱ्यांना माझं ओरडणं नाटकातलंच वाटलं, एकानं तर शाबास म्हटलं. मी बांधावर बसलो. या वेळी माझे गुडघे खरोखरच दुखत होते.

दिवस कलल्यावर ती बाई उठली. मेंढरं खाली उतरायला लागली होती, वाघूर तिला हवं होतं. पोरं अजून आतच दंगा करत होती, सुवार्ता मधोमध. बाईनं काठीला हात घातला आणि मी "थांबा" म्हणेपर्यंत एकामागून एक टोकं ओढली. सगळी जाळी पोरांच्या अंगावर पडली. सुनंदा किंचाळून धावली. मीही धावलो. आणि आम्ही दोघं तिथे पोचून उभे राहिलो, कारण आतून हसण्याचा आवाज येत होता. दहा-बारा पोरं जाळीखाली लोळत होती आणि त्यांच्यात सुवार्ता सगळ्यात मोठ्यानं हसत होती, दोन्ही हातांनी जाळी आणखी स्वतःवर ओढून घेत होती. "आजी, परत! परत पाडा ना!"

सुनंदानं माझा दंड धरला होता, हे तिच्याही ध्यानात नव्हतं. ती रडत होती आणि हसत होती. दंड न सोडताच म्हणाली, "काका, पहिल्या रविवारी पुस्तक पाडू नका."

दुसऱ्या दिवशी उपासना झाल्यावर दुपारी मी परत पासलीला गेलो. बायकोनं त्या बाईसाठी पोळ्या बांधून दिल्या होत्या, शेळ्यांनाही पुरतील एवढ्या. खाचर रिकामं होतं. पहारीनं पाडलेली भोकं तेवढी राहिली होती, बिऱ्हाड घाट उतरून गेलं होतं. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. मंडळीत कुणी कुणी म्हणतं, ती देवदूत असावी. मला त्यातलं कळत नाही. तिच्या शेळ्या खऱ्या होत्या, याची खात्री मात्र मी देऊ शकतो. मला एवढंच ठाऊक आहे, की मी हात सैल सोडले आणि त्याच वेळी कुणीतरी उभं करायला आलं, ज्याला मी तासाभरापूर्वी घालूनपाडून बोललो होतो. त्यासाठी मी प्रभूचे आभार मानतो. माझ्या पुठ्ठ्यासाठी नव्हे, तो खाऊन टाकल्याबद्दल.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला पुढे आला. पुस्तक माझ्या मांडीवर होतं, ते मी बाकावर ठेवलं. रांगेत माझ्यापुढे सुनंदा होती आणि तिच्याबरोबर आशीर्वादासाठी आलेली सुवार्ता. चालताना ती वळली, तो वाकडा हात मागे केला, आणि मी तो धरला. मी आवळला नाही, नुसता धरला.